लाज, हेवा आणि मन खाणे : बालकांच्या दुय्यम भावना आणि वैद्याचे काम

काश्यपसंहितेतील वेदनाध्याय आपण सर्वांनी अभ्यासला आहे. बोलू न शकणाऱ्या बालकाला कोठे दुखते आहे हे त्याच्या हालचालींवरून ओळखावे, ही त्या अध्यायाची भूमिका. डोके दुखत असेल तर बालक डोके हलवते व डोळे मिटते, कान दुखत असेल तर हात कानाकडे नेते, पोटात शूळ असेल तर स्तनपान नाकारून रडते. मूल बोलू लागले की वैद्याची ही अडचण संपते, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात चार ते आठ वर्षांचे, घडाघडा बोलणारे मूलही एका बाबतीत मुकेच असते. ‘भीती वाटते’, ‘राग आला’ हे त्याला सांगता येते. ‘मला माझी लाज वाटते’, ‘मला धाकट्या भावाचा हेवा वाटतो’, ‘माझे मन मला खाते’ हे सांगता येत नाही. कारण आपल्याला जे होते आहे त्याला काही नाव आहे, हेच त्याला ठाऊक नसते. मग ते ‘पोटात दुखतंय’ असे सांगते, आणि घरी जाताना कृमिघ्न औषधाची बाटली घेऊन जाते.

पुणे–दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव या स्थानकांच्या मध्ये खुटबाव आहे. ऊस, गुऱ्हाळे, गोठे आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी एकत्र नांदणारी घरे, असा हा बागायती पट्टा. अशा घरात मूल एकटे कधीच नसते. आजी, चुलत्या, चुलत भावंडे, शेजारी यांच्या देखत ते वाढते. त्याचे लाभ पुष्कळ आहेत. परंतु मुलाची प्रत्येक चूकही देखतच घडते आणि तिचा बोभाटाही देखतच होतो. ज्या भावनांविषयी हा लेख आहे त्या बहुतांशी या ‘देखत’ असण्यातूनच जन्मतात, म्हणून हा तपशील आरंभीच नोंदवला.

दुय्यम म्हणजे काय?

आधुनिक मानसशास्त्रात भावनांची प्राथमिक व दुय्यम अशी विभागणी करतात. आनंद, दुःख, क्रोध, भय, किळस आणि आश्चर्य या सहा भावना जगात सर्वत्र चेहऱ्यावरून ओळखता येतात, असे पॉल एकमन यांनी १९७०च्या सुमारास मांडले. या यादीविषयी मतभेद आहेत. आपल्या कामापुरते ते बाजूला ठेवू. यांपैकी बहुतेकांची चिन्हे पहिल्या वर्षातच दिसू लागतात. लाज, संकोच, अपराधीपणा, अभिमान, हेवा या भावना मागाहून येतात. कारण त्यांच्यासाठी केवळ घटना पुरत नाही, ‘मी’ लागतो. कुत्रा अंगावर आला तर भीती वाटण्यासाठी ‘मी कसा दिसतो’ हा विचार लागत नाही. लाज वाटण्यासाठी तो लागतोच.

मायकेल लुईस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने वाचनीय आहे. मुलाच्या नाकावर नकळत लाल रंग लावून त्याला आरशासमोर उभे करायचे. साधारण दीड वर्षाच्या आतली मुले आरशातल्या मुलाकडे पाहत राहतात. त्यापुढची मुले हात स्वतःच्या नाकाकडे नेऊ लागतात. याच मुलांचे भरभरून कौतुक केले किंवा त्यांना सर्वांसमोर नाचायला सांगितले, तेव्हा ओशाळण्याची चिन्हे प्रामुख्याने त्यांच्यात दिसली ज्यांना आरशातले मूल ‘मीच’ असे ओळखता आले होते. गालाला तीट लावलेल्या लेकराला आरशापुढे धरून यातला पहिला भाग कोणीही पाहू शकेल. पुढे तिसऱ्या वर्षाच्या सुमारास घरातले नियम, ‘चांगले’ आणि ‘वाईट’ कळू लागते, आणि लाज, अपराधीपणा व अभिमान यांना जागा तयार होते. भावना अशी तिसऱ्या वर्षी उभी राहते. ती शब्दांत मांडण्याची क्षमता मात्र सातव्या-आठव्या वर्षाकडे येते. मधली चार-पाच वर्षे हा आपल्या चिकित्सालयाचा काळ.

‘दुय्यम’ हा शब्द आणखी एका अर्थाने वापरतात, तोही येथे हवा. एका भावनेवर उमटलेली दुसरी भावना ती दुय्यम. लाज वाटली, ती सोसवेना, म्हणून राग आला. यातला राग दुय्यम. हे मूल ‘रागीट’ म्हणून आपल्याकडे आणले जाते आणि मूळ लाज कोणालाच दिसत नाही.

आपल्या शास्त्रात याला आधार शोधायचा तर सुश्रुताच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायाकडे पाहावे. क्रोध, शोक, भय, हर्ष, विषाद, ईर्ष्या, असूया, दैन्य, मात्सर्य, काम, लोभ हे मानस विकार सांगून त्या सर्वांचे मूळ इच्छा आणि द्वेष या दोहोंच्या भेदांत आहे, असे तेथे म्हटले आहे. मूळ दोनच, फांद्या अनेक. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव आणि तेहतीस व्यभिचारी भाव मोजले. भय, क्रोध, शोक हे स्थायींमध्ये येतात. व्रीडा, असूया, गर्व हे व्यभिचारींमध्ये. त्या तेहतिसांत ‘अवहित्थ’ नावाचा एक भाव आहे : वाटते ते लपवणे. सहा वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर तो मी पुष्कळदा पाहिला आहे. याचा अर्थ आरशाचा प्रयोग आपल्या पूर्वजांना ठाऊक होता, असा मात्र कृपया काढू नये. अशी ओढाताण आपल्या नियतकालिकांत फार होते आणि तिने शास्त्राची शोभा वाढत नाही.

चरकसूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील धारणीय वेगांबद्दल येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. लोभ, शोक, भय, क्रोध, मान, निर्लज्जता, ईर्ष्या, अतिराग आणि अभिध्या या मनोवेगांचे धारण करावे, असे चरक सांगतात. हा आधार घेऊन ‘मुलांना लहानपणापासून भावना दाबायला शिकवा’ असा उपदेश काही व्याख्यानांतून ऐकू येतो. त्या वचनात कर्ता कोण आहे, हे पाहावे. चरकांनी हे बुद्धिमानाला सांगितले आहे. ज्याला वेग ओळखता येतो तोच तो धारण करू शकतो. ज्याला ओळखताच येत नाही तो केवळ घाबरून आवळून धरतो. मूत्राचा वेग आला आहे हेच न कळणाऱ्या तान्ह्याला आपण वेगधारणाचा दोष देत नाही. मानस दोषांसाठी चरकांनी ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी ही औषधे सांगितली आहेत, आणि त्यांत ज्ञान पहिले आहे. बालकाच्या बाबतीत ज्ञान म्हणजे उपनिषदे नव्हेत. ‘तुला जे होतंय ना, त्याला हेवा म्हणतात, आणि तो सगळ्यांना वाटतो’ एवढेच ज्ञान त्याच्या वयाला पुरेसे असते.

एक शब्द, पाच कामे

मराठीत या भावनांसाठी शब्दांची वाण नाही. ओशाळणे, वरमणे, खजील होणे, हिरमुसणे, फुरंगटणे, बुजणे, शरमणे, चुटपूट लागणे, मन खाणे; प्रत्येकाची छटा वेगळी. परंतु घरात मुलाच्या कानावर यांतले फार थोडे पडतात. पडतो तो मुख्यतः एकच शब्द : लाज.

पाहुणे आले आणि पोर आईच्या पदराआड दडली, तर ‘लाजतीय ती’. उघड्याने अंगणात पळाला, तर ‘लाज वाटत नाही का?’ चुलत बहिणीला ढकलून पाडले, तरी ‘लाज वाटत नाही का?’ अंथरूण ओले केले, तरी तेच. परीक्षेत मागे पडला, तर ‘घराण्याला लाज आणलीस’. पहिला प्रसंग संकोचाचा, दुसरा मर्यादेचा, तिसरा दुसऱ्याला इजा केल्याचा, चौथा मूत्राशयाच्या अपरिपक्वतेचा, आणि पाचवा तर मुलाचा नव्हेच, वडीलधाऱ्यांच्या प्रतिष्ठेचा. या पाचही ठिकाणी मुलाने एकच अनुभव घ्यावा, असे आपण नकळत त्याला शिकवतो. तो अनुभव कोणता? सर्वजण आपल्याकडे पाहत आहेत आणि आपण नाहीसे व्हावे.

यांतल्या तिसऱ्या प्रसंगाकडे पाहा. बहीण पडली, तिचा गुडघा फुटला. मुलाचे लक्ष गुडघ्याकडे जायला हवे. ‘लाज वाटत नाही का?’ म्हटल्याबरोबर ते स्वतःकडे वळते. हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ साली लाज आणि अपराधीपणा यांतला भेद नेमका याच ठिकाणी दाखवला. लाजेत ‘मी वाईट’ असते. अपराधीपणात ‘मी केले ते वाईट’ असते. नंतरच्या संशोधकांना वारंवार असे आढळले की लाजेने माणूस लपतो, नाकारतो, दुसऱ्यावर ढकलतो किंवा चिडतो. अपराधीपणाने तो भरपाईकडे वळतो. आपल्या भाषेला हा भेद फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लाजेला आपण ‘तोंड लपवणे’ म्हणतो, अपराधीपणाला ‘मन खाणे’. तोंड लोकांपासून लपवायचे असते. मन खाते तेव्हा कोणी पाहणारा लागत नाही.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त या दोन्ही वाटा आहेत. पायाला घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या श्यामला, मनालाही घाण लागू नये म्हणून जप, असे आई सांगते. त्यात कोणी बघ्या नाही. श्याम आणि त्याचे मन एवढेच आहे. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला मात्र तीच आई मारत बाहेर काढते, कारण लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये. नंतर तिचेच डोळे भरून येतात. आईच्या रागाखाली लाजेची धास्ती होती. पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांनी हे पुस्तक वाचले; यातली पहिली गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि दुसरी आचरणात आणतो.

मुलाला हा भेद समजावून सांगणे अवघड नाही. व्याख्या नको, प्रसंग हवा, आणि तोही त्याचा स्वतःचा नको. लाजेने भरलेल्या मुलाला त्याच्याच चुकीवर शिकवू पाहणे म्हणजे आमावस्थेत बृंहण देण्यासारखे आहे. दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी : ‘एका मुलानं रागानं ताईची पाटी फोडली. मग त्याला आतून कसंतरी व्हायला लागलं. जेवण जाईना. ते कसंतरी म्हणजे काय असेल?’ मुले बहुधा ‘भीती’ म्हणतात. मग विचारावे, ‘ताई त्याला काहीच बोलली नाही, कुणी पाहिलंही नाही, तरी कसंतरी होतंच होतं. मग?’ येथे मूल थांबते. त्या थांबण्यात शब्द द्यावा : ‘त्याला मन खाणं म्हणतात. ते वाईट नसतं. ते सांगतं, की जा, काहीतरी नीट कर.’ आणि काय नीट करता येईल हे मुलालाच सुचवू द्यावे. पाच वर्षांचे मूल ‘माझी पाटी देईन’ म्हणते. त्याहून मोठे प्रायश्चित्त शोधण्याची आवश्यकता नाही.

चिंच-गुळाची आमटी

हेव्याची कथा निराळी. मराठीत हेवा वाटला की ‘पोटात दुखते’ असे म्हणतात, आणि मुलांच्या बाबतीत हा वाक्प्रचार कित्येकदा अक्षरशः खरा ठरतो.

सहा वर्षांची एक मुलगी. रोज सकाळी नाभीभोवती दुखे. दुपारी उड्या मारी. वजन वाढते, ज्वर नाही, मलप्रवृत्ती प्राकृत, रात्री दुखून जाग येत नाही. जॉन अ‍ॅप्ली यांनी १९५८ साली मुलांच्या वारंवार होणाऱ्या पोटदुखीचा अभ्यास मांडला. दुखण्याची जागा नाभीपासून जितकी दूर तितकी शारीरिक कारणाची शक्यता अधिक, हा त्यांचा ठोकताळा अजूनही उपयोगी पडतो; तो अंतिम निकाल मात्र नव्हे. चौकशीत कळले, की आई माहेरी बाळंत होऊन दोन महिन्यांनी परतली होती आणि दुखणे त्याच आठवड्यात सुरू झाले होते. ‘भावाचा राग येतो का?’ असे आजीने माझ्यासमोरच विचारले. मुलगी तत्काळ म्हणाली, ‘न्हाई, मला बाळ आवडतंय.’ ती खोटे बोलत नव्हती. बाळ तिला आवडतच होते.

लहान मुलांना एकाच वेळी दोन भावना वाटू शकतात हे मान्य नसते. सुसान हार्टर यांच्या १९८०च्या दशकातील अभ्यासांनुसार चार-पाच वर्षांची मुले असे घडू शकते हेच नाकारतात. एकाच गोष्टीविषयी परस्परविरुद्ध दोन भावना वाटतात, हे समजायला दहा-अकरा वर्षे उजाडतात. म्हणजे सहा वर्षांच्या मुलीपुढे प्रश्नच असा उभा राहतो : बाळ आवडते, मग राग येणे शक्य नाही, मग हे जे होते आहे ते पोटातच असले पाहिजे.

येथे रसांचा उपयोग होतो. सहा रसांचे त्रेसष्ट भेद आपण पाठ केलेले आहेत. मुलाला मात्र एक आमटी पुरते. मी त्या मुलीला विचारले, ‘चिंच-गुळाची आमटी आंबट असते की गोड?’ ‘दोन्ही.’ ‘एकाच घासात?’ ‘हां.’ ‘मग कुठला खरा, आंबट का गोड?’ ती हसली. गुळाच्या गावातल्या मुलांना हे सांगावे लागत नाही. ‘तसंच पोटातल्या पोटात पण होतं बघ. बाळ गोड लागतं, आणि आईच्या कुशीत तोच झोपतो म्हणून आंबटही लागतं. दोन्ही खरं.’ त्यावर ती काही बोलली नाही. आईकडे पाहू लागली. खरे काम पुढचे होते आणि ते आईचे होते : रोज थोडा वेळ, बाळ आजीकडे देऊन, फक्त मुलीसाठी. दुखणे लगेच थांबले नाही. आधी एक दिवसाआड झाले, मग आठवड्यातून एकदा. त्या काळात एकदा मुलीने स्वतःहून आईला ‘आज लय आंबट लागतंय’ असे सांगितले, तेव्हा औषध बंद केले.

या दृष्टांताची मर्यादाही सांगायला हवी. हेवा, रुसवा, हुरहुर यांना तो चपखल बसतो, कारण त्यांत खरोखर मिश्रण असते. लाज मात्र आंबट अधिक गोड अशी बेरजेने तयार होत नाही. तिच्यात पाहणारा असतो. तिला आमटी चालत नाही, आरसा लागतो.

‘ताईसारखं कर’, ‘तिचा अभ्यास बघ’ या तुलनेने हेव्याला रोज खतपाणी मिळते. परीक्षेचे दिवस आले की स्मरणशक्तीच्या सिरपची मागणी वाढते, हे औषधविक्रेते बंधू माझ्याहून चांगले जाणतात. ब्राह्मी-शंखपुष्पीविषयी माझी तक्रार नाही. परंतु चुलत बहिणीशी रोज तोलल्या जाणाऱ्या मुलाचे मन पुस्तकात नसून बहिणीच्या गुणपत्रिकेत अडकलेले असते, आणि तेथे मेध्य रसायन पोहोचत नाही. अभिमानाचेही तेच. ‘हुशार आहेस’ म्हटल्याने मूल पुढच्या कठीण गणिताला घाबरते आणि ‘चिकाटीनं केलंस’ म्हटल्याने त्याला भिडते, असे म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८च्या प्रयोगांत दिसले.

अंथरूण

या विषयात जिवाला लागणारी गोष्ट कोणती, असे मला विचारले तर मी शय्यामूत्र म्हणेन.

पाचव्या वर्षी सुमारे शंभरातील पंधरा मुले रात्री अंथरूण ओले करतात. दरवर्षी त्यांतली सुमारे पंधरा टक्के आपोआप कोरडी होतात. पाच वर्षांच्या आत याला विकार म्हणतच नाहीत. याचा अर्थ, आपण दिलेल्या औषधाने किती गुण आला आणि वयाने किती, हे सांगताना वैद्याने नम्र असावे. परंतु जे वयाने जात नाही ते म्हणजे या काळात साचलेली लाज. गोधडी दारासमोरच्या दोरीवर वाळत पडते, चुलत भावंडे नाव ठेवतात, आत्या आली की तिलाही सांगितले जाते, आणि मामाच्या गावी जायचे म्हटले की मुलाला ताप येतो.

सात वर्षांचा एक मुलगा ‘मारकुटा झालाय’ म्हणून आणला गेला. शाळेतून तक्रारी, घरी भांडी फेकणे. अंथरुणाचा उल्लेख वडिलांनी सहज, शेवटी, हसत केला. मुलाने त्या क्षणी तोंड भिंतीकडे वळवले. निदान तेथेच झाले. राग वरचा होता. अशा वेळी ‘राग वाईट असतो’ हे सांगण्यात अर्थ नाही. मुलाला आधी शरीराची गोष्ट सांगावी, कारण ती निर्दोष असते : ‘पोटात मूताची एक पिशवी असते. ती भरली की झोपेत डोक्याला हाक मारते. तुझं डोकं गाढ झोपतं, हाक ऐकू येत नाही. काही मुलांचं डोकं उशिरा ऐकायला शिकतं, जसे काहींचे दात उशिरा पडतात. दात उशिरा पडले म्हणून लाज वाटते का?’ यानंतर रागाची गोष्ट : ‘कुणी हसलं की आधी आत काहीतरी आकसतं, आणि मग हात उगारला जातो. ते आकसतं ना, ती लाज. तू वाईट आहेस म्हणून ती येत नाही, हसणाऱ्यांमुळे येते.’ मूल हे समजते. घराला समजायला वेळ लागतो. गोधडी मागच्या परसात वाळवणे, पाहुण्यांपुढे विषय न काढणे, सकाळी कपडे बदलण्यात मुलाची मदत शिक्षा म्हणून नव्हे तर काम म्हणून घेणे, ही पथ्ये मी औषधाच्या कागदावरच लिहून देतो. लिहिलेले पथ्य पाळले जाते.

भय दाखवून ही सवय मोडण्याची पद्धत अजून गेलेली नाही. उन्मादचिकित्सेत एका भावनेचा प्रतिकार दुसऱ्या विरोधी भावनेने करावा, असे चरकांनी सांगितले आहे, हे खरे. पण तेच चरक शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात, मूल रडते किंवा जेवत नाही म्हणून त्याला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन घाबरवू नये, असे स्पष्ट सांगतात. आणि सुश्रुत तर बालकाला दरडावूही नये, असे म्हणतात. बागुलबुवाच्या जागी आता बिबट्या आला आहे, एवढाच फरक. दौंड-शिरूरच्या उसात बिबट्या खरोखर असतो, म्हणून ही भीती अधिक घातक ठरते.

त्यावरून आठवले. पाच वर्षांच्या एका मुलाने संध्याकाळी गोठ्याचे कवाड उघडे ठेवले आणि रात्री शेळी गेली. ‘तुझ्यामुळं गेली’ असे कोणीतरी एकदाच म्हणाले असेल. मुलाने जेवण सोडले. या वयाची मुले जे घडले त्याचे सगळे कारण स्वतःकडे ओढून घेतात. आजोबा वारले तर ‘मी त्यांच्यावर रागावलो होतो म्हणून’ असेही त्यांना वाटते. तेव्हा त्यांचा वाटा मोजून द्यावा लागतो. ‘कवाड लावायचं राहिलं, ते तुझं. शेळी बिबट्यानं नेली, ते बिबट्याचं. कवाडाला कडी नव्हती, ते मोठ्यांचं.’ सगळे त्याचे नाही आणि काहीच त्याचे नाही असेही नाही. ‘तुझा काही दोष नाही रे’ असे म्हणून घरच्यांनी आधी समजावले होते. मुलाने ते मानले नव्हते, आणि त्याचे बरोबरच होते. नव्या कवाडाला कडी बसवली तेव्हा स्क्रू त्याच्या हातात दिले, असे वडिलांनी नंतर सांगितले.

काउंटरवर आणि त्यापुढे

औषधविक्रेत्यांचा या सर्वांशी संबंध नाही, असे कोणी समजू नये. मुलाला बोटाशी धरून आलेली आई पाच गिऱ्हाइकांसमोर ‘हा अजून अंथरूण ओलं करतो, काय द्याल?’ असे विचारते, तो क्षण चिकित्सेचाच भाग असतो. ‘किती वर्षांचा? रोज करतो?’ असे काउंटरवरून मोठ्याने विचारू नये. कागद पुढे करून ‘वय आणि त्रास यावर लिहा’ म्हणावे, किंवा मुलाला दुसरीकडे पाहण्यात गुंतवून आईशी हळू बोलावे. डबीवर किंवा पुडीवर रोगाचे नाव ठळक लिहू नये. ती डबी शेवटी घरातल्या फळीवर सर्वांसमोर राहणार असते. आणि वैद्याच्या चिठ्ठीवाचून या तक्रारीसाठी काही देऊच नये, ही माझी विनंती.

कारण प्रत्येक पोटदुखी हेव्याची नसते आणि प्रत्येक ओले अंथरूण लाजेपुरते नसते. सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, त्याला फार तहान लागू लागली, वजन घटू लागले, तर त्याच दिवशी रक्तशर्करा तपासावी. बालमधुमेह असाच दाराशी येतो. मूत्रदाह, दिवसाही कपडे ओले होणे, जुना मलावरोध यांचाही स्वतंत्र विचार करावा. पोटदुखीत ज्वर, मलातून रक्त, हिरवी-पिवळी वांती, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, वाढ खुंटणे किंवा उजव्या बाजूला खाली एकाच जागी दुखणे असेल, तर गोष्टी सांगत बसू नये, बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. दुसरे कोणी मुलाला गप्प राहायला सांगत आहे अशी शंका आली, किंवा एखाद्या व्यक्तीचे नाव निघताच मूल आकसते असे दिसले, तर तेथे लाज मुलाची नसते आणि काम एकट्या वैद्याचे राहत नाही. लैंगिक अत्याचाराची शंका असल्यास २०१२च्या पॉक्सो कायद्यान्वये कळवणे बंधनकारक आहे, आणि १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आपल्या भिंतीवर लिहिलेली असावी.

शक्य असेल त्यांनी तपासणीच्या टेबलाजवळ एक छोटा आरसा मुलांच्या उंचीवर लावावा. मूल आईचे बोलणे ऐकत असताना आरशात स्वतःकडे कसे पाहते, पाहते की टाळते, हे नाडीइतकेच लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे.